पावणेनऊचा हात

एप्रिलमधल्या त्या गुरुवारी संध्याकाळी डॉम फिओरेलाच्या बारमध्ये जो जल्लोष झाला, त्याची आठवण काढली की ग्लव्हर्सव्हिलची माणसं अजून विषय बदलतात. आपली अमेरिकन फुटबॉलची टीम इथून चार तासांवर, पार पश्चिमेला, तळ्याच्या काठी. पण रविवारी दुपारी एकनंतर आमच्या गावातलं कुत्रंसुद्धा फिरायला निघत नाही, कारण त्याला फिरवणारा टीव्हीसमोर असतो.

त्या संध्याकाळी ड्राफ्ट होता. कॉलेजातून निघालेला कुठला खेळाडू कुठल्या टीमच्या वाट्याला, ते एकेक करून जाहीर होत होतं. आपल्या टीमला चोवीस वर्षांत धड क्वार्टरबॅक मिळालेला नाही. बाकी सगळं आहे, फक्त चेंडू हातात घेऊन डाव चालवणारा गडी नाही. म्हणजे वऱ्हाड आहे, वाजंत्री आहे, नवरदेवाचा पत्ता नाही. पहिल्याच फेरीत टीमनं नाव पुकारलं: एमरी ब्रूसार्ड, वय बावीस, गाव लुइझियानात. बारमध्ये सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. मग पडद्यावर त्याची मापं आली. उंची, वजन, आणि शेवटी हात, पावणेनऊ इंच.

“पावणेनऊ!” डॉम ओरडला. “अरे, भरदार हात आहे!”

“कामाच्या माणसाचा हात,” कारखान्याचा जुना फोरमन एव्हरेट नॅप यानं टेबलावर काठी आपटून शिक्कामोर्तब केलं. आणि बार दणाणला. कारण त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाचं, नाहीतर त्याच्या आईबापाचं, आयुष्य हातमोज्यांच्या कारखान्यात गेलेलं. पावणेनऊ हे माप इथं शाळेतल्या पोरालाही कळतं. डॉमनं लसणात परतलेल्या पालेभाजीच्या ताटल्या सगळ्यांना फुकट वाटल्या. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

दुसऱ्या दिवशी कर्टिस आला तो तोंड पाडूनच. कर्टिस हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ काढणारा ट्रक चालवतो आणि बारा महिने रेडिओवरची फुटबॉलची बडबड ऐकतो. त्यानं सांगितलं की फुटबॉलवाले हात आपल्यासारखा बोटांच्या मुळाशी फीत गुंडाळून मोजत नाहीत. ते पंजा ताणून वीत मोजतात, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत. त्या हिशेबानं पावणेनऊ म्हणजे यंदाच्या सगळ्या क्वार्टरबॅकांमध्ये सर्वांत लहान हात.

“रेडिओवाला म्हणत होता, हा चेंडू धरणार की लिंबू?” कर्टिस म्हणाला.

झालं! सबंध अमेरिकेला हातमोजे पुरवलेल्या गावाला हाताचंच माप कळलं नाही. आता एवढी शरम गिळायची कशी? तर त्या पोरावर काढायची. शुक्रवार दुपारपासून एमरी ब्रूसार्ड हा गावाचा वैरी झाला.

लिओना ह्लावाटी दोन्ही दिवस खिडकीजवळच्या टेबलापाशी बसून होती. गुरुवारी ती ओरडली नव्हती आणि शुक्रवारी तिनं नाक मुरडलं नाही. वय त्र्याहत्तर, उंची जेमतेम पाच फूट, शेजारी कायम तिची मैत्रीण गर्ट. गर्टनं चाळीस वर्षं हातमोजे शिवले, हे सगळ्यांना ठाऊक. लिओनानं काय केलं? कारखान्याच्या कागदावर लिहिलंय, कातडी भिजवणारी. गावही तेच समजत होतं. खरं काय होतं ते तीनच माणसांना माहीत होतं, स्वतः लिओना, गर्ट आणि एव्हरेट नॅप.

एकोणीसशे एकाहत्तर साली लिओना वीस वर्षांची होती. बापाची फुफ्फुसं कातडी कमावायच्या टॅनरीनं खाल्लेली, घर तिच्यावर. कारखान्यात बायका शिवायच्या आणि पुरुष कापायचे. कापणीच्या टेबलाला बाईनं हात लावणं म्हणजे पाप. पण ही पोरगी जेवणाच्या सुट्टीत उरलेले तुकडे घेऊन कापत बसायची. एव्हरेट तेव्हा फोरमन होता आणि गावातला पहिल्या नंबरचा कापणारा. त्यानं तिला एकदा पकडलं. ओरडला नाही. तिचा हात धरला, खिशातली फीत काढून मोजला.

“साडेसहा,” तो म्हणाला. “एवढ्याशा हातात कात्री मावत नाही, पोरी.”

“मग तुकडे कुणी कापले? भुतानं?”

एव्हरेटनं तुकडे उलटसुलट करून बघितले. मग दार लावून घेतलं आणि म्हणाला, “एक आठवडा देतो. पण मालक बाईला टेबलापाशी उभी करणार नाही. माल तू कापायचा, शिक्का माझा पडेल.”

प्रत्येक कापणाऱ्याचा नंबर हातमोज्याच्या आत उमटवायची पद्धत होती. एव्हरेटचा नंबर एकतीस. त्या आठवड्यानंतर बावीस वर्षं, कारखान्याला कुलूप लागेपर्यंत, लिओना भिजवणीच्या पेट्यांमागच्या खोलीत उभी राहून कापत होती आणि एकतीस नंबरची कीर्ती न्यूयॉर्कच्या दुकानांपर्यंत जात होती. तिला पगार भिजवणारीचा आणि नाताळला वर एक टर्की.

कारखाना गेला तरी एक प्रथा उरली. टीमनं पहिल्या फेरीत नवा क्वार्टरबॅक घेतला की गावानं त्याला हरणाच्या कातड्याचे, हातानं कापलेले हातमोजे पाठवायचे. इथल्या थंडीत पोरगं पहिल्यांदा येतंय, तर गावाची माया म्हणून. आतापर्यंत नऊ जोड गेले. नवांचे फोटो डॉमच्या भिंतीवर, प्रत्येकाखाली पितळी पट्टी, ‘कापणी: ई. नॅप, ३१’. त्यातले सात गडी तीन वर्षांच्या आत घरी गेले, हे सोडा. एव्हरेटची बोटं संधिवातानं केव्हाचीच झाडाच्या मुळीसारखी वाकडी झालेली, तरी कुणी विचारलं नाही की हा कापतो कसा. कातडं मागच्या दारानं लिओनाच्या स्वयंपाकघरात यायचं आणि हातमोजे मागच्या दारानं परत जायचे.

ती गप्प का राहिली? गर्ट हेच विचारायची. “अगं, तोंडात मूग धरून किती वर्षं बसणार?” लिओनाचं उत्तर ठरलेलं. कात्री त्यानं दिली. खाल्ल्या मिठाला जागायला नको? सगळं गाव त्याला एव्हरेट म्हणायचं, ती एकटी अजून मिस्टर नॅप म्हणायची.

तर मे महिनाभर बारमध्ये त्या पोराची चिरफाड चालली.

“डिसेंबरात आपल्याकडचा वारा बघितलाय का त्यानं?” कर्टिस म्हणे. “चेंडू साबणासारखा निसटेल. कॉलेजात अकरा वेळा हातातून सुटलाय त्याच्या. अकरा!”

“त्यातले सात मागून गडी येऊन आदळले तेव्हाचे,” लिओना म्हणाली. “मी बघितलेत. तुला मागून ट्रक धडकला तर तुझा फोन हातात राहील का रे?”

“तू कधीपासून क्वार्टरबॅक ओळखायला लागलीस, लिओना?”

“क्वार्टरबॅक नाही ओळखत मी. हात ओळखते.”

आणि खरंच, तिनं घरी बसून त्या पोराचे सगळे सामने पाहिले होते. चित्र थांबवायचं, पडद्याला दोरा लावायचा, शिवण सगळ्या चेंडूंवर सारखीच असते, तिच्यावरून पंजा मोजायचा. तीन आठवड्यांनी तिनं बारमध्ये जाहीर केलं. “करंगळी आखूड आहे त्याची. म्हणून वीत भरत नाही. पंजा चांगला रुंद आहे. आणि अंगठा बघा किती खाली बसलाय! असा अंगठा हजारात एकाला. पावसातल्या सामन्यात चेंडू एकदाही सुटला नाही त्याचा. गर्ट, असा अंगठा आला की तू काय करायचीस?”

“शिव्या द्यायची,” गर्ट म्हणाली. “शिवताना जीव जायचा.”

लोक हसले. डॉमही जरा विचारात पडला. पण कोपऱ्यातून एव्हरेटचा आवाज आला. सत्त्याऐंशीचा असला तरी त्याचा आवाज अजून फोरमनचाच आहे.

“लहान हात तो लहानच. मी पन्नास वर्षं हात मोजलेत. माणूस काय करू शकेल ते मापातच ठरलेलं असतं. बाकी सगळ्या गप्पा.”

लिओनानं कॉफीचा कप खाली ठेवला. माप! साडेसहाच्या हातावर बावीस वर्षं मिरवलेला माणूस मापाच्या गोष्टी सांगतोय! त्या रात्री तिला झोप लागली नाही, असं गर्ट सांगते.

जूनच्या शेवटच्या शनिवारी दुपारी बारमध्ये चाहत्यांची सभा भरली. दरवर्षी याच सभेत हातमोज्यांचं ठरतं. एव्हरेट उभा राहिला, काठीवर रेलला.

“या वर्षी हातमोजे जाणार नाहीत,” तो म्हणाला. “पोरगं हिवाळा बघायच्या आत घरी जाणार. एकतीसचा शिक्का मी असल्या हातासाठी वाया घालवणार नाही.”

टाळ्या पडल्या. आणि लिओना उठली. गर्टनं तिचा झगा ओढला, मग आपणहून सोडून दिला.

“मिस्टर नॅप, शिक्का तुमचा, तो तुम्ही खुशाल खिशात ठेवा. हातमोजे जातील. मी कापणार आहे.”

“तू?” कर्टिसला हसू फुटलं.

“मीच. याआधीचे नऊ जोडही मीच कापले. आणि त्याआधी बावीस वर्षं एकतीसच्या नावावर जे जे गेलं, तेही मी कापलं. मिस्टर नॅपना विचारा.”

सगळ्यांच्या माना एव्हरेटकडे वळल्या. तेव्हा त्या माणसानं एक शब्द उच्चारला असता तर काय बिघडलं असतं? पण नाही. भिंतीवरच्या नऊ पितळी पट्ट्या त्याच्या डोक्यावर चमकत होत्या. त्यानं घसा साफ केला.

“वय झालं की माणूस काहीही बोलतं,” तो म्हणाला. “लिओना कातडी भिजवायची. फार छान भिजवायची.”

लोक हसले. दुष्टपणानं नव्हे, सुटल्यासारखे हसले, आणि तेच तिला जास्त लागलं. पन्नास वर्षं जागलेल्या मिठाची ही चव! तिचा चेहरा लालबुंद झाला, पण आवाज हलला नाही.

“पुढच्या शनिवारी दोन वाजता,” ती म्हणाली. “डॉम, ते लांब टेबल रिकामं ठेव. हातच्या कांकणाला आरसा कशाला?”

त्या शनिवारी बारमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. लिओना ओल्या फडक्यात गुंडाळलेलं कातडं काखेत घेऊन आली. तिच्या भावानं मारलेल्या हरणाचं, तिनं सहा वर्षं जपून ठेवलेलं. कात्री वर्तमानपत्रात गुंडाळलेली, जवळजवळ तिच्या कोपरापर्यंत लांब. तिनं बाह्या सारल्या, कातडं टेबलावर पसरलं, तळव्यानं चाचपलं, आणि कडेवरून खाली ओढायला लागली. थोडं ओढायची, थांबायची, बोटांनी विचारल्यासारखं करायची, पुन्हा ओढायची. जास्त ताणलं तर हातमोजा पहिल्याच पावसात आखडतो आणि कमी ताणलं तर आठवड्यात त्याची पिशवी होते. कुठं थांबायचं ते कुठल्या फितीवर लिहिलेलं नसतं. जुने कारखान्यातले लोक पुढं सरकले. त्यांनी आयुष्यभर हे पाहिलेलं होतं. त्यांना सांगावं लागलं नाही.

कात्री चालली ती एकसारखी, न अडखळता. पंजाचे दोन तुकडे, अंगठे, बोटांमधल्या पट्ट्या. अंगठ्याचा तुकडा तिनं नेहमीपेक्षा खाली नि रुंद कापला आणि करंगळी आखूड. उरलेल्या कातड्यात चहाची बशी झाकेल एवढाही सलग तुकडा राहिला नाही.

“आई शप्पथ,” डॉम पुटपुटला. त्याचा बाप कापणारा होता.

एव्हरेट दाराजवळ उभा होता. सगळं संपल्यावर तो एवढंच म्हणाला, “कात्री धरायला मीच शिकवलं हिला.”

“शिकवलंत,” लिओना म्हणाली. “मी कुठं नाही म्हणते? ते मी मरेपर्यंत सांगेन. तुम्हीही एकदा सांगा, की कापत कोण होतं.”

एव्हरेटनं टोपी घातली आणि तो निघून गेला. गर्टनं चार दिवसांत जोड शिवला, शिव्या देत देत. आत शिक्क्याच्या जागी लिओनानं न पुसणाऱ्या शाईनं लिहिलं, ‘लिओना ह्लावाटी’. ऑगस्टमध्ये पार्सल गेलं. गाव मात्र दोन्हीकडून बोलत राहिलं. काही म्हणाले, एक जोड कापला म्हणजे बावीस वर्षं कापली असं कुठं होतं? काहींनी एव्हरेटची बाजू घेतली, म्हातारा माणूस, कशाला उकरायचं आता? भिंतीवरच्या पट्ट्या होत्या तिथंच राहिल्या. एव्हरेट बारमध्ये यायचा बंद झाला. लिओना मात्र रोज आली, त्याच टेबलापाशी बसली, आणि कुणी त्या पोराला नावं ठेवली की त्याला तिथल्या तिथं वाजवून परत पाठवलं.

“त्यानं अजून एक चेंडू फेकला नाहीये, आणि तुम्ही त्याचं तेरावं घालायला निघालात!” ती म्हणायची.

“आणि पडला तर?”

“पडला तर उठेल. तुझ्यासारखा खुर्चीत बसून नाही पडणार.”

सप्टेंबरातला सामन्यांचा पहिला रविवार उजाडला. बारमध्ये सगळे हजर, आणि सामना सुरू व्हायच्या जरा आधी एव्हरेट नॅपही आला. कोणाशी न बोलता आपल्या जुन्या खुर्चीत बसला. लिओनानं मान वळवली नाही.

मग जे झालं ते सांगायलाही जिवावर येतं. पोराची पहिलीच लांब फेक समोरच्या टीमच्या हातात. दुसरी तळ्यावरच्या वाऱ्यानं भरकटली. मध्यंतरापर्यंत चेंडू एकदा हातातून सुटला, आणि तोही कुणी न धडकता. तिसऱ्या भागात पुन्हा एक फेक विरोधकांकडं. सत्तावीस विरुद्ध सहा. बारमध्ये आधी शिव्या झाल्या, मग हशा, आणि मग सगळे वळून लिओनाकडं बघायला लागले. कर्टिसनं तर खुर्चीच तिच्याकडं फिरवली.

“काय मग, लिओनाताई? लाखमोलाचा अंगठा काय म्हणतोय?”

“हजारात एक म्हणाले होते मी. उगाच वाढवू नकोस.” तिची हनुवटी वरच होती.

“हात ओळखते म्हणे! एक जोड काय कापला—”

“कर्टिस, गप बस.”

आवाज फोरमनचा होता. एव्हरेट उठत होता. काठी सापडेना, तर टेबलाला धरून उठला. कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला.

“पहिला आठवडा आहे त्याचा,” एव्हरेट म्हणाला. “पहिल्या आठवड्यात काय होतं ते मला विचारा. एकाहत्तर साली हिला मी एक आठवडा दिला होता. त्या आठवड्यात हिनं तीन कातडी फाडली. चांगली, अख्खी तीन. मालकाला कळलं असतं तर ती त्याच संध्याकाळी घरी गेली असती. मी ती बॉयलरमध्ये टाकली आणि कुणाला सांगितलं नाही. सोमवारी चौथं तिच्या हातात दिलं. त्यानंतर एकतीस नंबरचा एकही जोड मी कापलेला नाही. सगळे हिचे. या भिंतीवरचे नऊसुद्धा.” तो श्वास घ्यायला थांबला. “फितीनं मोजलं तेव्हा साडेसहा होता. फीत चुकली नव्हती. मी चुकलो होतो.”

गर्टनं हातरुमालात नाक शिंकरलं. कर्टिसनं खुर्ची हळूच परत टीव्हीकडं फिरवली. पडद्यावर ब्रूसार्ड मातीत माखलेला, डोक्यावरचं शिरस्त्राण नीट करत पुन्हा मैदानात येत होता.

लिओना उठली. टेबलांमधून वाट काढत एव्हरेटपाशी गेली, त्याची खाली पडलेली काठी उचलून त्याच्या हातात दिली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “दोन, एव्हरेट. मी दोन फाडली होती. तिसरं तुम्ही फाडलंत.”